उन्हात उभी केलेली छडी

मित्रांनो, मी एक जुनी छडी आहे. निदान आयुष्याची पहिली तेरा वर्षं तरी मी छडीच होते, त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. पुढे जे घडलं त्यानं माझा इतका गोंधळ उडाला आहे, की तो अजून निस्तरत नाही. माझी हकिगत ऐकून मी कोण ते तुम्हाला समजलं, तर मलाही सांगा.

माझा जन्म जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीतला. ओढ्याकाठी वेळूचं बेट होतं, त्यातल्या एका भरीव वेळूची मी लेक. दादाभाऊ नावाच्या शेतकऱ्यानं मला कोयत्यानं तोडलं, पेरं तासून गुळगुळीत केली, चुलीच्या धगीवर धरून सरळ केलं आणि खुरासणीचं तेल पाजलं. भात आणि नागली पिकवणारा हा डोंगरातला माणूस. त्याचा मुलगा भागू त्या वर्षी, म्हणजे १९९३ साली, पहिलीत जायचा होता. आमच्या वाडीची रीतच होती, की पोराला शाळेत घालताना बापानं गुरुजींना एक नारळ आणि एक छडी न्यायची. नारळ देवाला, छडी पोराला.

"गुरुजी, पोरगं तुमच्या वटीत घातलं," दादाभाऊ म्हणाला. "हाडं तेवढी शाबूत ठिवा. बाकी तुमी आन ही काठी बघून घ्या."

कुंडलिक गुरुजींनी मला दोन्ही टोकांना धरून वाकवलं, सोडलं, हवेत एकदा फिरवलं आणि म्हणाले, "झकास!" ती माझी पहिली शाबासकी.

गुरुजी आळे गावचे. घरी बागायत होती, पण आठवडाभर शाळेतच पथारी टाकून राहायचे आणि शनिवारच्या एसटीनं गावी जायचे. पहिली ते चौथी एकाच खोलीत भरायची. फळ्यावर दोन खिळे ठोकून माझी बैठक केली होती. सकाळी गुरुजी मला खाली घेत आणि टेबलावर एकदा आपटत, की खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे. मग पाढे सुरू. चाळीस तोंडांतून एकच आवाज निघायचा. एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि दारातच थबकले. "शिस्त असावी तर अशी!" ते म्हणाले. गुरुजी माझ्याकडे बघून हसले. मी तेव्हा फुगून कुप्पा झाले होते. विद्या माझ्याच पेरांत भरलेली आहे आणि मी तळहातावर बसले की ती मुलांच्या डोक्यात शिरते, अशी माझी पक्की समजूत होती. सगळी वाडीही तेच म्हणायची.

भागू मात्र सतराच्या पाढ्यात अडकायचा. चौथीत असताना एकदा तो अडकला, गुरुजींनी दोन दिल्या. पुन्हा म्हणायला लावलं, तो पुन्हा त्याच जागी अडकला. पुन्हा दोन. असं मधल्या सुट्टीपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी तो खिडकीत दप्तर टाकून उताराला पळाला, तो परत आलाच नाही. गुरुजी स्वतः त्याला बोलवायला गेले, तर तो नागलीच्या रानात लपून बसला. गुरुजी वाईट नव्हते हो. पोरांना पदरच्या पाट्या आणायचे, तापलेल्या पोराला खांद्यावर घेऊन घरी पोचवायचे. भागू गेल्यावर कितीतरी दिवस त्यांनी मला खिळ्यांवरून काढलं नाही. मला काही उमगेना. माझं काम तर मी बरोबर केलं होतं.

२००६ साली गुरुजी निवृत्त झाले आणि आरतीबाई आल्या. बाई अवसरी खुर्दच्या, वयानं तरुण, आणि नुकतंच कसलं तरी प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्या स्वतःशीच पुटपुटायच्या, "ज्ञान ओतायचं नसतं, मुलं ते स्वतः रचतात." मला आजवर रचलेले ठाऊक होते ते शेताचे बांध. दगडावर दगड ठेवतात तसं ज्ञान कसं रचायचं, हे माझ्या पेरांत काही शिरेना.

आल्या आठवड्यातच बाईंनी मला खाली काढलं. मी आनंदले. आता कोणाचा तळहात पुढे येतोय याची वाट बघत होते, तर बाईंनी मला चक्क जमिनीवर मुलांच्या मधोमध ठेवलं आणि विचारलं, "ही आता तुमची. हिचं काय काय करता येईल?"

कोणी जागचं हलेना. शेवटी मागून एक आवाज आला, "बाई, हिनं मारता येतं." सगळी हसली.

"ते झालं. आणखी?"

एक काटकुळी मुलगी पुढे आली आणि तिनं मला उचललं. ही जया, भागूची धाकटी बहीण, चौथीतली. "हिनं वर्ग मोजता यील," ती म्हणाली.

मग काय विचारता! मुलांनी दोन टोळ्या केल्या आणि मला जमिनीवर लोळवत वर्ग मोजला. एका टोळीचं उत्तर अकरा छड्या, दुसरीचं बारा. जी भांडणं जुंपली म्हणता! आता बाई मला टेबलावर आपटतील आणि खरं उत्तर सांगतील, म्हणून मी वाट बघत राहिले. बाई कोपऱ्यात बसून होत्या. एवढंच म्हणाल्या, "असं का बरं झालं असेल?" उत्तर ठाऊक असून सांगायचं नाही, हे कसलं शिकवणं? मला वाटलं, बाईंनाच येत नसावं. कितीतरी वेळानं जयाच्या ध्यानात आलं, की एक टोळी मला उचलून पुढे ठेवताना दर वेळी मध्ये चार बोटं जागा सोडत होती. त्यावर मुलं अशी नाचली, जणू जत्रेतली कुस्ती मारली. माझं एक टोक त्या दिवशी चिरलं.

हा गलका वाडीभर ऐकू जायचा. एक दिवस दादाभाऊ शाळेच्या दारात आला.

"बाई, ही काठी मी दिल्याली हाये. वापरत का न्हाई?"

"वापरतो की. रोज वापरतो."

"तशी न्हाई वो. हातावं."

दादाभाऊनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि उंबऱ्यावर बसला. "माझा भागू ह्याच शाळंतून पळाला. आता आळेफाट्यावं टेंपो चालवतो. गुरुजींनी लई मारलं म्हून पळाला का कमी मारलं म्हून पळाला, ते मला आजवर समाजलं न्हाई. आता ही पोरगी. तिला पाढं येत न्हाईत, आन घरी येऊन मलाच इचारती, आबा, हे असं का आन ते तसं का. पाचवीला तिला खाली आश्रमशाळंत धाडायचं म्हंत्यात. शिकत आसंल तर धाडीन, माझं काय न्हाई. पर नुसती खेळत आसंल तर घरी कामं काय थोडी हायेत? होळीपतूर बघतो."

"शिकतेय हो ती," बाई म्हणाल्या.

"कशावरनं?"

तो गेल्यावर बाईंनी मला हातात घेतलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "कशावरनं?" तेव्हा मला कळलं, की गोंधळलेली मी एकटी नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तर भिंतीवरचं घड्याळ बंद. सेल आणायचा तर जुन्नर गाठायला हवं. मुलं सारखी विचारू लागली, "बाई, सुट्टी कधी?" बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं. ते त्यांनी पदराखाली झाकलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच शोधा, कशी कळेल ते."

जयानं मला उचललं, अंगणात नेलं आणि खड्डा खणून उन्हात उभं केलं. मित्रांनो, वर्गाबाहेर उन्हात उभं करणं ही काय चीज आहे, ते तुम्हाला माहीत असेल. माझ्या डोळ्यांदेखत किती पोरं तशी उभी राहिली होती! आता ती शिक्षा मला? मी काय चूक केली? पण मुलं माझ्याभोवती हसत होती. बाईंनी शाळा भरल्याची, लहान सुट्टीची, जेवणाच्या सुट्टीची आणि शाळा सुटल्याची घंटा दिली, तेव्हा दर वेळी माझी सावली जिथे संपत होती तिथे त्यांनी एकेक दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी सावली दगडाला टेकली आणि एक पोर ओरडलं, "सुट्टी!" बाईंनी पदर सारून मनगटाकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. म्हणजे मी घड्याळ झाले होते. शिक्षा म्हणावी की बढती, ते मला ठरवता येईना.

तेवढ्यावर भागलं असतं तरी बरं. जयाची आजी लंकाबाई हिचं एक करडू दोन दिवस हरवलं होतं. ते शोधत ती संध्याकाळी शाळेच्या अंगणात आली, तर करडू माझ्याशी अंग घासत उभं! समोर रोवलेली काठी, भोवती मांडलेले दगड. म्हातारीनं हात जोडले. सकाळी येऊन तिनं माझ्या बुडाशी माती लिंपली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आमच्या डोंगरात देव असेच असतात, झाडाखाली, बांधावर, कोणी मांडले ते कोणाला ठाऊक नसतं. चार दिवसांत बायका दर्शनाला येऊ लागल्या. आधी छडी, मग मोजपट्टी, मग घड्याळ आणि आता देव! मी मनातून सुखावले होते हे कबूल, पण नवसाचं नेमकं करायचं काय, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

बाई पेचात पडल्या. म्हातारीला समजवावं तर तिचं मन दुखेल, गप्प बसावं तर त्यांना शिक्षिका कोण म्हणेल? त्यांनी नेहमीप्रमाणे मुलांनाच विचारलं. जया म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. देव झाली तर कुणी उपटणार न्हाई." बाईंनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

आणि खरंच, मला कोणी उपटलं नाही. थंडीभर मी एका जागी उभी होते. पौषात एक गंमत झाली. जेवणाच्या सुट्टीची माझी सावली दगड ओलांडून पुढे जाऊ लागली. इतर मुलांनी तिकडे बघितलंही नाही. जया मात्र बघत राहिली. तिनं सावलीच्या टोकाला एक पांढरी गारगोटी ठेवली आणि बाईंना विचारलं, "बाई, सावली पुढं का गेली?"

"तुला काय वाटतं?"

"छडी वाढली आसंल."

मी चकित झाले. या वयात? तिनं मला वितीनं मोजलं, मी होते तेवढीच होते. "मग दगड सरकला आसंल," ती म्हणाली.

"बघ बरं," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पोर हिरमुसली. मला तर बाईंचा भयंकर राग आला. अहो, सांगून टाका की! पण त्या दिवसापासून जया रोज दुपारी माझ्यापाशी येऊन उकिडवी बसू लागली.

होळी आली. लंकाबाईनं स्वतःचा एक नेम केला होता, की सणाला दुपारी देवाची सावली जेवणाच्या सुट्टीच्या दगडाला शिवली की नैवेद्य ठेवायचा. सणाच्या दिवशी ती पुरणपोळी घेऊन बसली, मागे बायका, पुरुष, पोरं. दुपार कलायला लागली तरी सावली काही दगडाला पोचेना. अलीकडेच, चांगली वीतभर आधीच, ती थांबली आणि मग कडेकडेनं सरकू लागली. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"पोरान्नी दगड हलीवला," शाळा समितीचा भिमाजी मोठ्यानं म्हणाला. "दादाभाऊ, तुझीच पोरगी रोज हितं खुडबुड करती. देवाच्या दगडाशी खेळत्यात व्हय?"

दादाभाऊचा चेहरा उतरला. "जये, दगडाला हात लावला का?"

"न्हाई आबा."

"खोटं बोलू नगंस. होळीपतूर बघतो म्हनलो व्हतो. बास झाली शाळा!" असं म्हणून तो तरातरा पुढे आला आणि मला उपटायला त्यानं मूठ आवळली. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी माझ्या ओळखीचं काम समोर आलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण जया डोळे मिटून उभी होती, हात मात्र पुढे केलेला नव्हता, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

"आरं मुडद्या, देव हाये त्यो!" लंकाबाई किंचाळली. दादाभाऊचा हात जागीच थिजला.

तेवढ्यात जयानं डोळे उघडले. "आबा, बांधाचा दगड कुणी सरकीवला तर तुमी कसं वळखता?"

"खालची जागा बघून," तो रागातच म्हणाला.

"मग ह्यो उचला."

दादाभाऊनं आईकडे बघितलं. म्हातारीनं मान हलवल्यावर त्यानं दगड अलगद कलता केला. खाली गवत पांढरं पडलेलं होतं, मुंग्यांनी घर केलं होतं, आणि दगडाच्या प्रत्येक कंगोऱ्याची खूण मातीत उमटली होती. दगड बसवल्यापासून हलला नव्हता. हे त्या अंगणात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती, सगळे बांधावरच वाढलेले.

"मग काठी हलली आसंल," भिमाजी म्हणाला.

लंकाबाईनं माझ्या बुडाशी बोटं फिरवली. "माझ्या हातचं लिंपन हाये. तडा न्हाई गेल्याला."

जया हळूहळू बोलू लागली, बोलता बोलता विचार करत. "दगूड न्हाई हलला. छडी न्हाई हलली. मग... मग दिसच हलला आसंल. हितं गारगोटी हाये का, ती पौषातली. तवा सावली लांब व्हती, म्हंजे दिस खाली व्हता. आता सावली आखूड झाली, म्हंजे तो वर चढाया लागलाय. रोज थोडा थोडा."

दादाभाऊनं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग म्हणाला, "थंडीचं ऊन घरात पार चुलीपतूर येतं. उन्हाळ्यात उंबऱ्यावरच ऱ्हातं. रोजचं बघतो, पर..." तो बाईंकडे वळला. "हे तुमी शिकीवलं तिला?"

"नाही."

"पुस्तकात हाये?"

"आहे. पुढच्या वर्गांच्या."

"मंग कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मंग बाई, तुमी शाळंत करता तरी काय?" दादाभाऊनं इतक्या मनापासून विचारलं, की सगळ्या अंगणाला हसू फुटलं. बाईही हसल्या.

दादाभाऊ खाली बसला, लेकीच्या शेजारी. "अजून कुठवर चढंल गं त्यो?"

"ठावं न्हाई आबा. बघाया लागंल."

लंकाबाईनं नैवेद्य सावली होती तिथेच ठेवला.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, तेव्हा दादाभाऊनं आईला विचारून मला मातीतून काढलं. बुडाकडचा भाग वाळवीनं खाल्ला होता, तो त्यानं कापून टाकला. लंकाबाईनं मला धुतलं, तेल लावलं आणि म्हणाली, "देव पोरीसंगं जाऊ दे." जूनमध्ये दारात टेंपो येऊन उभा राहिला. जयाला आश्रमशाळेत पोचवायला भागू आला होता. मिसरूड फुटलेला, खांद्यानं बापाएवढा झालेला. दादाभाऊनं मला त्याच्यापुढे धरलं, तर भागूचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. दादाभाऊचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. त्यानं मला जयाच्या हातात दिलं.

"नारळ नव्या गुरुजींना दे," तो म्हणाला. "काठी देऊ नगंस. काठी तुझी."

आश्रमशाळेच्या अंगणात पोचल्यावर जयानं आधी मला रोवलं, ट्रंक मागाहून उतरवली. सकाळी दिवस कुठून उगवला ते भागूला विचारून तिनं उत्तर बाजू ठरवली आणि सावली जिथे पडेल असं वाटलं, तिथे एक दगड तयार ठेवला. मृगाचे ढग होते. भर दुपारी ते फाटले, ऊन पडलं आणि माझी सावली उमटली. जेमतेम चार बोटं लांब, आणि चक्क उलट्या बाजूला, दक्षिणेकडे! जन्मात माझी दुपारची सावली तिकडे पडलेली मी बघितली नव्हती. माझं डोकं पार गरगरलं.

टेंपोच्या दारात पाय ठेवलेला भागू परत आला. "हे उलटं कसं गं?"

जयानं मान तिरकी केली. "तुला काय वाटतं?"

भागू निघून गेला नाही. चुकीच्या जागी ठेवलेला दगड त्यानं उचलला आणि बघत बसला. मी जराशी कलले होते. त्यानं हात पुढे केला, मध्येच थांबवला, आणि मग मला मुठीत धरून सरळ केलं. तो तळहात मी ओळखला. आता तो खरबरीत झाला होता. त्यानं मग सावलीच्या टोकाशी दगड ठेवला आणि मोठी माणसं बघत असतानाही मातीत तसाच उकिडवा बसून राहिला.

तर मित्रांनो, मी कोण, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्याही शाळेत माळ्यावर माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. तिला चुलीत घालू नका, काचेच्या कपाटातही ठेवू नका. तेलाचं बोट लावा, उन्हात उभी करा आणि भोवती बसा. आणि तिच्यापासून कधी कोणी पळून गेलं असेल, तर एक दगड त्याच्यासाठीही ठेवा.